मदत हवी आहे: फोटोत गाडी येते, चालवणारा येत नाही

कुंपणापलीकडून (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा आहे, पण पाल्हाळ लावल्याशिवाय मला विचारता येणार नाही.

मोटार शर्यतींचं वेड मला गाड्यांमुळे नाही, चालवणाऱ्यांमुळे लागलं. लहानपणी टीव्हीवर पावसात एक पिवळं हेल्मेट दिसलं, त्यावर हिरवा आणि निळा पट्टा. ब्राझीलचा फॉर्म्युला वन चालक आयर्टन सेना. इंजिन कुणाचं, पंख कसले, काही कळत नव्हतं. बाकीचे जपून चालवताहेत आणि हा एकटाच कोरड्या रस्त्यावर असल्यासारखा सुटलाय, एवढंच कळलं. ती डॉनिंग्टनची १९९३ ची शर्यत होती आणि पहिल्याच फेरीत तो पाचव्यावरून पहिला आला होता, हे पुढे कधीतरी वाचलं. दुसऱ्या वर्षी १ मे ला इमोलाच्या शर्यतीत, अपघातात तो गेला.

तेव्हापासून शर्यत म्हटलं की माझे डोळे हेल्मेट शोधतात. डेमन हिलच्या गडद निळ्या हेल्मेटवर पांढरी वल्ही होती, ती वडिलांकडून आलेली. ग्रॅहम हिल लंडनच्या रोइंग क्लबात वल्हवायचे, म्हणून. जॅकी स्टुअर्टच्या हेल्मेटभोवती स्कॉटिश चौकड्यांचा पट्टा. असलं सगळं पाठ आहे, उपयोग शून्य.

दोन वर्षांपूर्वी एक वापरलेला क्रॉप सेन्सर (लहान सेन्सरचा) कॅमेरा घेतला आणि ७०-३०० ची साधी लेन्स. लांब टोकाला एफ ५.६, छिद्र त्याहून मोठं उघडत नाही. पास-बिस काही नाही, प्रेक्षकांच्या कुंपणामागे उभी असते. गेल्या शर्यतीला चौदाशे फोटो काढले. १/१००० सेकंदाच्या शटरला काढले ते धारदार आले, पण गाडी पार्क करून ठेवल्यासारखी वाटते. मग कुठेतरी वाचून १/६० ला गेले, तर सगळाच चिखल. बघण्यासारखे अकरा उरले आणि त्या अकरांत माणूस दिसतो असा एकही नाही. काळी काच, त्यावर ती कमान, खाली रंगीत ठिपका.

तर प्रश्न हा की गाडीच्या फोटोत चालवणारा कसा आणायचा? '४०० एमएम एफ २.८ ची लेन्स घ्या' हे कृपया सांगू नका. माहीत आहे. जमणार नाही.

निळा झेंडा

दादा, ४०० एमएम एफ २.८ घ्या. :)

कुंपणापलीकडून

एवढं वाचलंत, पण 'उभी असते' वाचायचं राहिलं वाटतं. ताई आहे मी. बाकी, निळा झेंडा दाखवला की मागून येणाऱ्याला वाट द्यायची असते, तेवढं पाळा.

अर्धा सेकंद

ताई, आधी पार्क केलेल्या गाडीचं बघू, कारण तिथे गणितच आडवं येतंय.

गाडी ताशी १८० किमीने जातेय असं धरा. म्हणजे सेकंदाला ५० मीटर. १/१००० सेकंदात ती पाचच सेंटिमीटर सरकते. आताच्या फॉर्म्युला वनच्या टायरचा व्यास साधारण ७० ते ७२ सेंमी आहे, म्हणजे परीघ जवळपास सव्वादोन मीटर, म्हणजे सेकंदाला साधारण २२ फेरे. १/१००० मध्ये चाक जेमतेम ८ अंश फिरतं. आरे मोजता येतील असं दिसतं, मग गाडी उभीच वाटणार. १/१२५ ला तेच चाक ६४ अंश फिरतं आणि आरे विरघळतात. १/६० ला एक तृतीयांशाहून जास्त फेरा होतो. पण तेवढ्या वेळात गाडी ऐंशी सेंटिमीटर पुढे गेलेली असते आणि तुमचा हात तिच्याबरोबर तितकाच, त्याच वेगाने गेलेला असावा लागतो. तो गेला नाही, म्हणून चिखल.

एकदम १/६० ला उडी मारू नका. १/३२० पासून उतरा. तिथे दहातले सहा बरे यायला लागले की १/२००, मग १/१२५. पाय आधीच तिकडे वळवून ठेवा जिथे बटण दाबायचंय, आणि कंबरेतून उलटं वळून गाडी लांबूनच पकडा. म्हणजे दाबण्याच्या क्षणी शरीर मोकळं होत आलेलं असतं, पिळत गेलेलं नसतं. दाबल्यावर थांबू नका, गाडी निघून जाईपर्यंत मागोवा चालू ठेवा. बहुतेकांचं तिथेच फसतं. बोट दाबतं आणि हात थबकतो.

लेन्सवर स्टॅबिलायझरचा मोड २ असेल तर तो लावा. तो वरखालचा हादरा सांभाळतो आणि आडव्या हालचालीच्या वाटेला जात नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. गाडी समोरून जाताना तिचं नाक, मधला भाग आणि शेपूट तुमच्या डोळ्याशी वेगवेगळ्या कोनातून, वेगवेगळ्या गतीने सरकत असतात. शटर हळू असेल तर यातला एकच भाग धारदार येतो, ज्याचा तुम्ही माग काढला तो. बहुतेक जण नकळत नाकाचा किंवा नंबराचा माग काढतात. फोकसचा ठिपका हेल्मेटवर ठेवा आणि हेल्मेटच फ्रेममध्ये एका जागी रोखून धरा. नाक पुसट झालं तर होऊ दे. बघणाऱ्याची नजर आपोआप माणसावर जाते.

भर दुपारी मात्र अडचण येईल. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला १/६० हवं तर छिद्र एफ २० पर्यंत मिटवावं लागतं, चित्र मऊ पडतं आणि सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण दिसतो. तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (प्रकाश आठपट कमी करणारी काळपट काच) लावलात की एफ ७ च्या आसपास राहता.

जुनी रीळ

वरचं सगळं बरोबर. फक्त एक चुकीची समजूत होईल म्हणून लिहितो. 'माणूस दिसणं' म्हणजे चेहरा दिसणं असं धरून चाललात तर साठ वर्षं उशीर झालाय. डॅन गर्नीने १९६८ च्या जर्मन ग्रांप्रीत पूर्ण चेहरा झाकणारं हेल्मेट घातलं, फॉर्म्युला वनमध्ये पहिल्यांदा. त्याआधी उघडी हेल्मेटं आणि गॉगल. १९५० च्या दशकातल्या फान्जिओच्या काळातले फोटो बघा, शर्यत संपल्यावर चेहरा काजळी आणि तेलाने काळा आणि गॉगलच्या जागी दोन पांढरी वर्तुळं. ते आता मिळायचं नाही.

पण माणूस चेहऱ्याशिवायही ओळखू येतो. १९५० चा पहिला विश्वविजेता फारिना हात सरळ ताणून, मागे रेलून चालवायचा. स्टर्लिंग मॉसने ती ढब त्याच्याकडून उचलली. लांबूनसुद्धा ती बैठक कळते. तुम्ही डोकं कुठे झुकलंय ते बघा, खांदा कुठे, हात कुठल्या कोनात.

आणि तांत्रिक चुकीला एवढं घाबरू नका. फ्रेंच फोटोग्राफर लार्तिगचा तो शंभर वर्षांहून जुना फोटो आठवा, फ्रेंच ग्रांप्रीतला, सहा नंबरची गाडी. चाक लंबगोल होऊन पुढे झुकलेलं, मागचे प्रेक्षक आणि खांब उलट्या बाजूला कललेले, गाडीचं नाक तर फ्रेममध्येच नाही. त्याच्या कॅमेऱ्याचं शटर म्हणजे उभ्या दिशेने सरकणारी फट होती, आणि गाडीचा माग काढताना त्याचा हात तिच्यामागे पडला. दोन्ही चुकांची बेरीज म्हणजे तो फोटो. विशी न गाठलेला पोरगा होता तेव्हा. आणि गंमत म्हणजे गाडीतली दोन माणसं त्यात स्वच्छ दिसतात!

तुमच्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर असेल तर तेच नको तेव्हा होईल. मेकॅनिकल वापरा.

गतिरोधक

मी काही वर्षं ट्रॅकवर मार्शल (सुरक्षा बघणारा) म्हणून उभा राहिलोय, फोटो काढत नाही. त्यामुळे लेन्सचं सोडा, उभं कुठे राहायचं ते सांगतो.

सरळ रस्ता विसरा. तिथे चालवणारा काहीच करत नसतो, करत असला तरी दिसत नाही. हळू वळण शोधा. मोनॅकोची हेअरपिन, म्हणजे जवळजवळ उलटं फिरवणारं वळण, सगळ्यांना का आवडते? तिथे गाड्या ताशी पन्नासच्या आसपास येतात आणि स्टिअरिंग पार शेवटापर्यंत वळलेलं असतं. तसलं एखादं वळण प्रत्येक ट्रॅकवर असतंच.

दुसरं, चालवणारा गाडी जिकडे जातेय तिकडे बघत नाही, जिकडे न्यायचीय तिकडे बघतो. वळणात शिरताना डोकं आधीच आतल्या कडेकडे फिरलेलं असतं. म्हणून वळणाच्या आतल्या बाजूने बघणाऱ्याला काच समोर दिसते आणि बाहेरच्याला हेल्मेटची पाठ. तुमच्या अकरा फोटोंपैकी किती बाहेरच्या बाजूचे आहेत, मोजा.

ती कमान म्हणजे हेलो, चालवणाऱ्याचं डोकं वाचवणारी चौकट. अगदी समोरून घेतलंत तर मधला खांब नेमका चेहऱ्यावर येणार. थोडं तिरकं, थोडं उंचावरून बघा, खांब सरकतो. पण तिला नावं ठेवू नका. २०१८ ला ती आली तेव्हा मीही कुरकुर केली होती. २०२० ला बहरीनमध्ये ग्रोजाँची गाडी कठडा फाडून आत घुसली, दोन तुकडे झाले, आग लागली आणि तो चालत बाहेर आला. त्यानंतर माझी कुरकुर बंद.

एकाच संघाच्या दोन गाड्यांत कोण आहे हे लांबून कळत नसेल तर डोक्यामागच्या हवेच्या तोंडावर जो छोटा कॅमेरा असतो त्याचा रंग बघा. एका गाडीवर काळा, दुसरीवर झगझगीत पिवळा.

रॅलीला जात असाल तर हे आतली-बाहेरचीचं गणित विसरून जा आणि मार्शल सांगेल तिथेच उभ्या राहा. १९८६ ला पोर्तुगालमध्ये गाडी गर्दीत घुसून प्रेक्षक मेले. वळणाच्या बाहेरच्या कडेला उभं राहून 'मस्त अँगल आहे' म्हणणारा मी दर वर्षी एक तरी हाकलून दिलाय.

कुंपणापलीकडून

मोजले. अकरापैकी नऊ बाहेरच्या बाजूचे. बाकीचे दोन सरळ रस्त्यावरचे. काय बोलणार!

पण आतल्या बाजूला आमच्या इथे जाळी आहे. जाळीतून काढलेले सगळे फोटो धुरकट, नाहीतर कॅमेरा तारेवरच फोकस करून बसतो. तिचं काय करायचं?

अर्धा सेकंद

जाळी कुठे आहे त्यावर आहे. तुमच्या नाकासमोर असेल तर लेन्स जवळजवळ टेकवा, छिद्र पूर्ण उघडा, ३०० ला जा. तार इतकी पुसट होते की नाहीशी होते. धुरकटपणा येतो तो ऊन पडलेल्या तारेमुळे, म्हणून सावलीतली जाळी निवडा किंवा हाताने सावली करा. जाळीशी काटकोनात बघा, तिरकं बघितलं की तारा एकमेकींवर येऊन दाट होतात. फोकस आधी पलीकडच्या डांबरावर लावून घ्या, म्हणजे कॅमेऱ्याला तारेपासून सुरुवात करावी लागत नाही. छिद्र पूर्ण उघडं म्हणजे हळू शटरसाठी इथे एनडी लागेलच.

जाळी ट्रॅकच्या कडेला, तुमच्यापासून लांब असेल तर यातलं काही चालत नाही. मग वर चढा. स्टँडची वरची रांग, मातीचा उंचवटा, काहीही. जाळीच्या वरून काढा. उंचावरून कॉकपिटमध्येही डोकावता येतं, तो फायदा वेगळा.

जुनी रीळ

ढगाळ दिवशी किंवा संध्याकाळी जा. तेव्हा बरेच जण आरशासारखी काच काढून पारदर्शक लावतात. डोळे दिसायची शक्यता तेव्हाच. बंद गाड्यांच्या शर्यतीत पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावा, समोरच्या काचेवरचं आभाळ कमी होतं. बाजूच्या खिडकीत कधीकधी इंद्रधनुष्यासारखे डाग येतात, ते चालवून घ्या.

निळा झेंडा

आता खरंच वाट देतो. ताई, कार्टिंगला (छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींना) जा.

थट्टा नाही. फॉर्म्युला वनमध्ये माणूस जवळजवळ झोपलेला असतो, पाय कमरेपेक्षा वर, दिसतो फक्त टाळूचा भाग. कार्टला छत नाही, कडा नाही, सीटबेल्टसुद्धा नाही. अख्खा माणूस उघड्यावर. खांदे, कोपरं, मांड्या, मागे वळून बघणं, वैतागून हात उडवणं, सगळं दिसतं. ट्रॅक छोटा, वेग कमी, कडेला जाता येतं, ३०० एमएम तर जास्तच होते. आणि सेना, शूमाकर, हॅमिल्टन, व्हेरस्टॅपेन सगळे तिथूनच आले. तुम्हाला माणसं हवीत ना, तर ती तिथे आहेत.

कुंपणापलीकडून

तीन आठवड्यांनी परत आलेय.

कार्टिंगला दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी १/२०० च्या खाली जायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या रविवारी दुपारनंतर ढग आले, १/१०० वर आणलं आणि हेअरपिनच्या आतल्या बाजूला एका टेकाडावर बसून राहिले. पहिला तासभर माझा हात प्रत्येक वेळी थबकत होता. अर्धा सेकंद, तुम्ही लिहिलं होतं म्हणून निदान कळलं तरी, नाहीतर लेन्सला दोष दिला असता.

६२० फोटो, त्यातले ठेवण्यासारखे १९. पण त्यातला एक सांगते. दहा-बारा वर्षांचा मुलगा, पांढरं हेल्मेट, त्यावर स्वतःच चिकटवलेली असावी अशी वाकडी लाल पट्टी. मागचा कार्ट आतून घुसायला बघतोय आणि हा वळणात शिरता शिरता नेमका तिकडे बघतोय, म्हणजे माझ्याकडे. नाक पुसट, मागचं चाक पुसट, डावा हात अर्धा पुसट. हेल्मेट आणि काचेमागचे डोळे मात्र जागच्या जागी. डोळे एवढे मोठे केलेत त्याने की हसू येतं. त्याला पुढच्याच वळणावर मागे टाकलं, तो भाग वेगळा.

फोटो इथे टाकत नाहीये. पोर लहान आहे, घरच्यांना विचारल्याशिवाय नको. पुढच्या रविवारी प्रिंट घेऊन जातेय, पट्टीवरून शोधते.

तोवर एक उपप्रश्न. चौथ्या-पाचव्या गाडीनंतर माझा डावा खांदा भरून येतो. मोनोपॉडने (एकपायी स्टँडने) पॅनिंग, म्हणजे गाडीबरोबर कॅमेरा फिरवणं, अडतं की सोपं होतं?

निळा झेंडा

सोपं होतं, फक्त मोनोपॉडचा पाय जमिनीत घट्ट रोवू नका. आणि ताई, आधी त्या पोराच्या घरच्यांना विचारा. आम्ही थांबतो.