संग्रहालयातल्या वस्त्रदालनात एवढा अंधार का?

सूतगुंडी:
राष्ट्रीय संग्रहालयांत शिल्पं, नाणी लख्ख उजेडात असतात. पारंपरिक पोशाख बघताना मात्र डोळे ताणावे लागतात. अतिनील किरण अडवणारी काच लावून भागत नाही का? आणि काही महिन्यांनी पोशाख का बदलतात?

काठपदर:
नाही भागत. डोळ्यांना दिसणारा उजेडही रंग खातो. म्हणून कापडावर जास्तीत जास्त 50 लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक). तैलचित्राला 200 पर्यंत चालतात, दगडाला असली अडचण नाही. शिवाय नुकसान साठत जातं. 50 लक्स, रोज 8 तास, 300 दिवस म्हणजे 1,20,000 लक्स-तास. उजेड दुप्पट केलात की तेवढीच झीज 150 दिवसांत. कपाटात परत ठेवल्यावर उडालेला रंग परतत नाही, पुढची झीज तेवढी थांबते.

नैसर्गिक रंगांत हळदीचा पिवळा अगदी कच्चा, नीळ पक्की. जुन्या कापडावर पानं निळी दिसली तर विणकर चुकला असं समजू नका. निळीवर चढवलेला पिवळा उडालेला असतो.

घडीमोड:
वजनाचंही बघा. जुनं रेशीम पुतळ्यावर महिनोन्‌महिने राहिलं की खांद्याच्या शिवणीत विरतं.

सूतगुंडी:
मग भांडारात घड्या घालूनच ठेवत असतील? डांबरगोळ्या टाकून?

घडीमोड:
सपाट कापडाला घडी नकोच, घडीवर धागा तुटतो. जरीचा तर हमखास. जाड नळीवर आम्लमुक्त कागद लावून ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) दिशेने, सैलसर गुंडाळायचं. शिवलेला पोशाख सपाट खोक्यात, बाह्यांत त्याच कागदाचे बोळे. नोंदणी क्रमांक कापडावर लिहायचा नाही. सुती फितीवर लिहून दोन टाक्यांनी अडकवायचा.

काठपदर:
डांबरगोळ्या टाळा. वाफ माणसांना बाधते, काही प्लास्टिकची बटणंही मऊ पडतात. लोकर, रेशीम, पिसं यांना कसर आणि केसाळ भुंगेऱ्यांच्या अळ्या लागतात, त्यावर थंडी चांगली. वस्तू पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे 30 अंशांवर 3 दिवस. घरगुती फ्रीझरच्या उणे 18-20 ला 2 आठवडे धरा. वर चित्र रंगवलेलं कापड किंवा काचमणी असतील तर आधी संवर्धकाला विचारा. बाहेर काढल्यावर पिशवी 24 तास उघडायची नाही. गार कापडावर लगेच दव धरतं आणि कच्चा रंग फुटतो. बहुतेकांचं इथेच चुकतं.