मागाच्या कारखान्यातून मोटार : काल्पनिक जपानी कंपनीचा इतिहास कितपत विश्वसनीय ठरेल?

गोदाकाठची (नाशिक)

नमस्कार. मी एक कादंबरी लिहीत आहे आणि तिच्या केंद्रस्थानी एक पूर्णपणे काल्पनिक जपानी मोटार कंपनी व तिचा संस्थापक आहे. संस्थापकाचा जन्म १८८८ सालचा, वडील खेड्यातले सुतार. हातमाग दुरुस्त करता करता तो मागांचा कारखानदार होतो आणि १९३६ साली मागांचा धंदा गुंडाळून पहिली प्रवासी मोटार बाजारात आणतो, असा आराखडा मी केला आहे. ही कल्पना मला आपल्या जिल्ह्यामुळे सुचली. येवल्याचे हातमाग, मालेगावचे यंत्रमाग आणि सातपूर-अंबडमध्ये तयार होणारे मोटारींचे सुटे भाग एकाच जिल्ह्यात आहेत; पण आपल्याकडे माग विणणाऱ्यांच्या हाती राहिले आणि मोटारींचे काम वेगळ्या वाटेने आले, तर जपानमध्ये माग बनवणाऱ्यांनीच मोटारी केल्या, असे वाचले होते.

मला दोन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत. माग घडवणाऱ्या कारखान्याला मोटार घडवणे तंत्राच्या दृष्टीने खरोखर जमण्यासारखे होते का? आणि १९३६ हे साल योग्य आहे का? केवळ जिद्दीच्या बळावर सारे जिंकणारा नायक मला रंगवायचा नाही. त्याच्याभोवतीचा काळही खरा उतरावा, अशी इच्छा आहे.

जुनी पाने (नाशिक रोड)

ताई, आपल्या आराखड्याला भक्कम आधार आहे. टोयोटा मोटार कंपनी ज्या टोयोडा घराण्यातून निघाली, त्यातले माग बनवणारे साकिची टोयोडा यांचा जन्म १८६७ सालचा, आजच्या शिझुओका प्रांतातल्या एका खेड्यातला, आणि त्यांचेही वडील सुतारच होते. १८९१ साली त्यांना लाकडी हातमागाचे पेटंट मिळाले, पुढे त्यांनी यंत्रमाग केले आणि १९२४ साली ‘जी’ प्रकारचा स्वयंचलित माग सिद्ध झाला. धागा तुटताच हा माग आपोआप थांबत असे आणि चालू असतानाच त्याचा धोटा (आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) बदलला जात असे. त्यामुळे एक कामगार कितीतरी मागांवर लक्ष ठेवू शकत होता, आणि दोष दिसताच यंत्राने स्वतःहून थांबावे हे तत्त्व टोयोटाच्या मोटार कारखान्यांत आजही पाळले जाते. १९२९ साली इंग्लंडमधील ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्स कंपनीशी या मागाच्या पेटंटबाबत एक लाख पौंडांचा करार झाला.

मात्र मोटार साकिचींनी केली नाही. ते १९३० साली वारले. मोटारीचा ध्यास घेतला त्यांचे चिरंजीव किइचिरो यांनी, जे टोकियोच्या विद्यापीठातून यांत्रिक अभियांत्रिकी शिकलेले होते. मागांच्या कंपनीत १९३३ साली मोटार विभाग निघाला, मे १९३५ मध्ये पहिली नमुना मोटार तयार झाली आणि स्वतंत्र मोटार कंपनी ऑगस्ट १९३७ मध्ये उभी राहिली. पेटंटच्या पैशांतून मोटार कंपनी जन्मली, असे सर्रास सांगितले जाते, पण ते फार सोपे करून सांगणे आहे. मोटारीच्या कामासाठी मागांच्या कंपनीला आपले भांडवल वाढवावे लागले होते आणि त्यासाठी भागधारकांची संमती घ्यावी लागली होती. आपल्या कादंबरीत भागधारकांच्या सभेचे एक प्रकरण अवश्य असावे. नव्या धंद्याचे धाडस करणाऱ्याची खरी परीक्षा बहुधा तिथेच झाली असेल.

ओतकाम (सातपूर)

मी सातपूरच्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातू ओतण्याच्या कारखान्यात, बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर सविस्तर लिहितो. मागाचा सांगाडा हे जाड, भरीव ओतकाम असते. त्यात एखादा बारीक दोष राहिला तरी माग चालतो. इंजिनाच्या सिलिंडर ब्लॉकचे तसे नाही. त्याच्या भिंती पातळ असतात, आतून पाणी खेळवण्यासाठी पोकळ्या ठेवाव्या लागतात आणि त्या पोकळ्यांसाठी साच्यात वाळूचे कोअर बसवावे लागतात. ओतताना कोअरमधून निघणारा वायू बाहेर पडला नाही, तर तो धातूत अडकून छिद्रे पडतात. कोअर जरासा सरकला, तर एका बाजूची भिंत कागदासारखी पातळ होते. हा दोष बाहेरून दिसत नाही. यंत्रकाम झाल्यावर किंवा पाण्याच्या दाबाखाली चाचणी घेतल्यावरच तो उघड होतो, आणि तोपर्यंतची सारी मेहनत भट्टीत परत जाते.

किइचिरोंच्या माणसांनी नेमके हेच भोगले. मागांसाठी त्यांच्याकडे उत्तम फाउंड्री होती, तरीही १९३४ साली सिलिंडर ब्लॉक ओतताना रद्दी मालाचे ढीग साचले, आणि तेलमिश्रित वाळूचे कोअर वापरण्याची पद्धत हाती बसेपर्यंत त्यांना चांगला ब्लॉक मिळाला नाही. नमुना म्हणून त्यांनी शेव्हरोले मोटार सुटी करून अभ्यासली होती, आणि पहिल्या इंजिनात क्रँकशाफ्ट, कॅमशाफ्ट व व्हॉल्व्ह यांसारखे भाग शेव्हरोलेचेच आयात केलेले होते. मोटारीला लागणारे पोलाद बाजारात मिळत नव्हते, म्हणून पोलादाचा विभागही स्वतःच काढावा लागला.

तेव्हा माझे उत्तर असे : माग बनवणाऱ्याकडे ओतकाम, लेथ, कॅम व दातेरी चाकांची जाण आणि शिकलेले हात असतात, आणि ही शिदोरी लहान नाही, पण ती अर्धीच वाट पुरते. आपल्या नायकाला पहिल्या फटक्यात निर्दोष इंजिन मिळू देऊ नका. त्याच्या फाउंड्रीतला प्रमुख कारागीर हे पात्र मोठे करा, कारण असे प्रश्न मालकाच्या खोलीत सुटत नाहीत, भट्टीजवळ सुटतात.

पंचवटीकर

सालाबद्दल माझी स्पष्ट हरकत आहे. १९३६ हे साल आपल्या नायकासाठी सर्वांत अडचणीचे आहे. फोर्डने १९२५ साली योकोहामात आणि जनरल मोटर्सने १९२७ साली ओसाकात जुळणीचे कारखाने काढले होते. बाजार जवळजवळ त्यांच्याच हातात होता आणि लष्कराला देशी मालमोटारी हव्या होत्या. म्हणून १९३६ साली मोटार उत्पादनाचा कायदा आला. वर्षाला तीन हजारांहून अधिक वाहने करणाऱ्याला सरकारी परवाना सक्तीचा झाला आणि परवान्यासाठी निम्म्याहून अधिक भांडवल जपानी असणे आवश्यक ठरले. सुरुवातीला परवाने मिळाले ते टोयोडा आणि निस्सान यांनाच. परदेशी कंपन्यांचे काम १९३९ पर्यंत थांबले. टोयोडांनीही १९३५ च्या नोव्हेंबरमध्ये आधी मालमोटार बाजारात आणली, प्रवासी मोटार नंतर. त्या मालमोटारी वारंवार बंद पडत आणि कंपनीची माणसे जागेवर जाऊन दुरुस्ती करत असत.

आपल्या नायकाला अधिक जवळचे आहेत ते सुझुकी कंपनीचे संस्थापक मिचिओ सुझुकी. जन्म १८८७, म्हणजे त्याच्याहून एका वर्षाने मोठे. १९०९ साली त्यांनी हामामात्सूत मागांचा कारखाना काढला. १९३७ साली लहान मोटारीचे काम हाती घेतले, इंग्लंडची ऑस्टिन सेव्हन अभ्यासली आणि ८०० सीसीहून लहान, चार सिलिंडरच्या इंजिनाच्या नमुना मोटारीही तयार केल्या. पण युद्धामुळे सरकारने प्रवासी मोटार अनावश्यक ठरवली आणि ते काम थांबले. पुढे १९५२ साली सायकलला बसवायचे ३६ सीसीचे इंजिन आणि १९५५ साली ३६० सीसीची ‘सुझुलाइट’ मोटार, असा त्यांचा प्रवास झाला. नमुना मोटार १९३७ च्या सुमारास करून ती गोदामात पडून राहू द्यावी आणि विक्री १९५५ नंतर दाखवावी, अशी माझी सूचना आहे. तोवर नायक सत्तरीच्या उंबरठ्यावर येईल, आणि मधली अठरा-एकोणीस वर्षे हाच कादंबरीचा गाभा होईल.

गोदाकाठची (नाशिक)

सर्वांचे मनापासून आभार. सालांची मांडणी मी बदलते आहे, आणि फाउंड्रीतला कारागीर आता दुय्यम पात्र राहणार नाही. एकच शंका उरते. युद्धानंतर माग पूर्णपणे सोडणे आणि वृद्ध संस्थापकाने कंपनी मुलाच्या हाती देणे, हे त्या काळाला धरून होईल का?

जुनी पाने (नाशिक रोड)

माग इतक्यात सोडू नयेत. युद्धानंतर सुझुकी पुन्हा मागांकडेच वळले होते. १९५१ च्या सुमारास कापसाचा बाजार कोसळला, तेव्हा दुसरा आधार शोधणे भाग पडले. कंपनीचे नाव १९५४ साली बदलले, तरी मागांचा विभाग वेगळी कंपनी म्हणून निघाला तो १९६१ साली. टोयोडांची मागांची कंपनी तर आजही माग बनवते. आणखी एक गोष्ट कथानकात येऊ द्यावी. १९४९ च्या आर्थिक आवळणीत टोयोटा बुडण्याच्या बेतात आली, कामगारांचा मोठा संघर्ष झाला आणि जून १९५० मध्ये किइचिरोंनी जबाबदारी स्वीकारून राजीनामा दिला. त्याच महिन्यात कोरियाचे युद्ध पेटले आणि अमेरिकी सैन्याच्या मालमोटारींच्या मागणीने कंपनी सावरली. किइचिरो १९५२ साली वारले.

वारसाबद्दल म्हणाल, तर मुलाऐवजी जावई घ्यावा. जपानी उद्योगघराण्यांत कर्तबगार जावयाला दत्तक घेऊन घराण्याचे नाव देण्याची रीत होती. टोयोटा मोटारचे पहिले अध्यक्ष रिझाबुरो हे साकिचींचे दत्तक जावई होते. किइचिरो १९४१ साली अध्यक्ष झाले. मिचिओ सुझुकींनी १९५७ साली कंपनी सोपवली ती शुन्झो या दत्तक जावयाकडे. शुन्झोंचे जावई ओसामू हेही दत्तकच, आणि त्यांच्याच कारकिर्दीत १९८२ साली मारुती उद्योगाशी करार होऊन पुढच्या वर्षी मारुती ८०० आपल्या रस्त्यांवर आली. आपल्या नायकाला मुलगा असेल, तर मुलगा आणि दत्तक जावई यांच्यात मोटारीवरून मतभेद दाखवता येतील. जावयाने मागांची बाजू घ्यावी, कारण हिशेब त्याच्याकडे असेल.