'अनावश्यक वीजपुरवठा आवश्यक': सर्व्हर-स्टोरेजचे शब्द

प्रश्न:
एका निविदेचं मराठी भाषांतर तपासायला आलंय. सर्व्हर आणि स्टोरेजची खरेदी आहे. आधीचं भाषांतर कुणीतरी मशीनकडून करून घेतलेलं दिसतंय, कारण त्यात 'दोन अनावश्यक वीजपुरवठे आवश्यक', 'गरम अदलाबदलीच्या चकत्या' आणि 'घन अवस्थेतील चालक' अशी रत्नं आहेत. हसून झालं, पण रिडंडंटला स्वतः काय लिहायचं ते सुचेना. मी भाषेतली, यंत्रातली नाही. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद:
पहिलं वाक्य फ्रेम करून लावा! सर्व्हर रूममध्ये बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

शब्दकोशात रिडंडंट म्हणजे फालतू, जादा. सर्व्हरच्या बाबतीत तोच गुण. यंत्राच्या मागे दोन पॉवर सप्लाय असतात आणि सहसा दोन्ही चालू असतात, भार वाटून घेतात. एक गेला की दुसरा सगळा भार उचलतो, यंत्राला पत्ताही लागत नाही. म्हणून 800 वॉटचे दोन लावले तरी हिशेब 800 चाच धरायचा, 1600 चा नाही. 'अतिरिक्त' लिहिलंत तर वाचणारा बेरीज करेल. 'राखीव' लिहिलंत तर दुसरा नुसता बसून आहे असं वाटेल. निविदेत एका शब्दाचा हट्ट धरू नका, सरळ लिहा: 'एक बंद पडला तरी उरलेल्यावर सर्व्हर चालू राहील असे दोन पॉवर सप्लाय'.

'गरम अदलाबदली' म्हणजे मुळातलं हॉट स्वॅप. यातलं हॉट म्हणजे गरम नव्हे, चालू. वायरमन 'चालू लाइनवर काम केलं' म्हणतो, तसं. 'सर्व्हर बंद न करता काढता-घालता येणाऱ्या डिस्क' एवढं पुरे.

अनेक डिस्क एकत्र जोडून त्यातली एखादी गेली तरी डेटा टिकवायची पद्धत म्हणजे रेड (RAID). तिच्यातला आर म्हणजेही हा रिडंडंटच. 1988 साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी जो निबंध लिहिला त्यात आय म्हणजे इनएक्स्पेन्सिव्ह, स्वस्त. एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी साध्या स्वस्त डिस्कची फौज, अशी कल्पना. पुढे त्याचं इंडिपेंडंट झालं. लाखांची पेटी विकताना नावातच 'स्वस्त' असणं कुणाला परवडतंय!

निविदेत क्षमतेचा आकडा असेल तर तो कच्चा की वापरता येण्याजोगा, हे आधी विचारून घ्या. 4 टीबीच्या आठ डिस्क रेड 5 मध्ये लावल्या की 32 नाही, 28 टीबी मिळतात, कारण एका डिस्कइतकी जागा पॅरिटीला, म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा परत काढता यावा म्हणून ठेवलेल्या हिशेबाला, जाते. शिवाय कंपनीचा 1 टीबी विंडोजमध्ये 931 जीबी दिसतो. कंपनी हजाराने मोजते, विंडोज 1024 ने. यावरून मी भांडणं झालेली पाहिली आहेत, चलनापर्यंत गेलेली.

प्रतिसाद:
'चालक' वाचून वाटलं, लायसनही मागतील. 'घन अवस्थेतील चालक' म्हणजे सॉलिड स्टेट ड्राइव्ह, एसएसडी. ड्राइव्ह हे नाव डिस्क फिरवणाऱ्या यंत्रणेचं. एसएसडीत फिरतं काहीच नाही, नाव तेवढं उरलं. आणि 'घन'चं मूळ व्हॉल्व्हच्या रेडिओत आहे. काचेच्या निर्वात नळीऐवजी घन पदार्थातून, म्हणजे अर्धवाहकातून, काम होऊ लागलं ते सॉलिड स्टेट. आपल्याकडे त्यातल्या ट्रान्झिस्टरचं नाव अख्ख्या रेडिओलाच चिकटलं होतं. एसएसडीच लिहा, कुणी अडणार नाही.

प्रतिसाद:
मी हार्डवेअरच्या दुकानात असतो. डिस्क ज्या चौकटीत बसवून सरकवतात तिला आम्ही ट्रे म्हणतो, काही गिऱ्हाइकं कॅडी म्हणतात. हे कॅडी आपल्या खंडीवरून आलं का?

प्रतिसाद:
नाही, पण फार लांबही गेला नाहीत. खंडीवरून इंग्रजीत आलं ते कँडी, वजनाचं माप. कॅडी आलं चहाच्या डब्यावरून, आणि त्या डब्याचं नाव मलायी 'काटी'वरून. तेही वजनच. एक वीस मणांचं, दुसरं जेमतेम सव्वा पौंडाच्या वरचं.

प्रतिसाद:
सर्व्हर ज्यात एकावर एक बसवतात त्या रॅकसाठी मांडणी का नको? स्वयंपाकघरात भिंतीला लावलेली, ताटं-वाट्या-डब्यांची, तीच की. आणि रॅकमधली उंची ज्यात मोजतात त्या 'यू'ला खण म्हणता येईल. वाड्यात दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, पाच खणी, सात खणी माजघर असं मोजत. इथे 1 यू म्हणजे पावणेदोन इंच उंची. '42 खणी मांडणी' कानाला किती छान वाटतं!

प्रतिसाद (सर्व्हर रूमवाला):
कानाला छान, पण ठेकेदार सुतार पाठवेल. खण मला मनापासून आवडला, कारण दोन्हीकडे तो जागा मोजायचं एकक आहे. पण निविदेत 42 यू, 19 इंची रॅक असंच राहू द्या.

खरी गल्लत मेमरीत होते. 'मोबाईलची मेमरी भरली' म्हणतो तेव्हा आपल्याला स्टोरेज म्हणायचं असतं. सर्व्हरवाला मेमरी म्हणजे रॅमच समजतो, वीज गेली की पुसली जाणारी. स्टोरेजला 'साठवण' चांगला शब्द आहे. पापड-कुरडयांमुळे तो घरोघरी माहीत आहे आणि टिकाऊपणाचा अर्थ त्यात आपोआप येतो. रॅमला 'स्मृती' लिहू नका, रॅमच लिहा.

बॅकअपकडेही लक्ष द्या. इन्व्हर्टरच्या दुकानात 'चार तासांचा बॅकअप' असतो, इथे डेटाच्या प्रतीचा असतो. एकाच पानावर दोन्ही आले तर दुसऱ्याला 'डेटाची वेगळी ठेवलेली प्रत' म्हणा. आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून इमानेइतबारे पुसतो.

प्रश्नकर्ती:
सगळ्यांचे आभार. सर्व्हर हा शब्द तसाच ठेवला. परवाच एका कार्यालयात 'सर्व्हर डाउन आहे' ऐकून परत आले, तेव्हा मागे प्रिंटरमध्ये कागद अडकलेला दिसत होता. म्हणजे शब्द मराठीत रुळलाय.

एक राहिलं. पान 14 वर 'उष्ण सुटा भाग' सापडला. म्हणजे हॉट स्पेअर ना?

प्रतिसाद (सर्व्हर रूमवाला):
हो. आधीच जोडून ठेवलेली जादा डिस्क. दुसरी गेली की ही माणसाची वाट न पाहता तिची जागा घेते. आम्ही आपसात स्टेपनी म्हणतो.

प्रश्नकर्ती:
स्टेपनी लिहिली तर साहेब सही करतील?

प्रतिसाद (सर्व्हर रूमवाला):
करतील, पण पुढच्या आठवड्यात गेटवर चार टायर उतरतील.