शब्दचर्चा: जिवंत पेशींचे आवेष्टन, संपुटन की आणखी काही?

प्रश्न: उपचारासाठी जिवंत पेशी जैवपदार्थात बंदिस्त करतात, त्या क्रियेला मराठीत नेमके काय म्हणावे? 'आवेष्टन' आणि 'संपुटन' दोन्ही वाचले. त्यासाठी वापरले जाणारे अल्जिनेट (समुद्री शेवाळातून मिळणारा, जेल होणारा पदार्थ) 'गोठवतात' हे बरोबर आहे का?

प्रतिसाद १: संपुटन. आवेष्टन म्हटले की नुसते गुंडाळणे डोळ्यांसमोर येते. इथे भिंत अर्धपार्य हवी. स्वादुपिंडातल्या द्वीपकांना (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींच्या पुंजक्यांना) ऑक्सिजन आणि ग्लुकोज मिळाले पाहिजे, ५.८ किलोडाल्टनचे (हे रेणूच्या वजनाचे एकक) इन्सुलिन बाहेर पडले पाहिजे आणि १५० किलोडाल्टनची प्रतिपिंडे बाहेरच अडली पाहिजेत.

प्रतिसाद २: पूर्ण सहमत नाही. १.५ ते २ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये पेशी हलक्या हाताने मिसळून ते ०.१ मोलर कॅल्शियम क्लोराइडमध्ये थेंब-थेंब सोडले आणि पाच-दहा मिनिटे ठेवले की मणी तयार होतात. या मण्याला वेगळी भिंत नसते. पेशी जेलभर विखुरलेल्या असतात, काही तर पृष्ठभागावर उघड्या राहतात आणि प्रतिकारयंत्रणेच्या तावडीत सापडतात. लिम आणि सन या संशोधकांनी १९८० मध्ये अशा मण्यांवर पॉलिलायसिन या बहुवारिकाचा थर दिला आणि आतले जेल सायट्रेटने पातळ केले. ते खरे संपुट. साध्या मण्याला 'मणी'च म्हणा आणि क्रियेला 'जेलबंधन'.

'गोठवणे' मात्र अजिबात नको. प्रयोगशाळेत 'पेशी गोठवल्या' म्हणजे द्रव नायट्रोजनमध्ये साठवल्या. 'थिजणे'ही चालणार नाही, कारण तूप थिजते ते थंडीने. अल्जिनेटमधल्या ग्युलुरॉनिक आम्लाच्या साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींशी बांधते, म्हणून जेल 'बांधले जाते' आणि 'सुटते' हीच क्रियापदे योग्य. त्यामुळे चूकही चटकन कळते: मणी फॉस्फेट बफरने धुतले तर फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेते, मणी फुगतात आणि शेवटी सुटतात. धुण्यासाठी थोडे कॅल्शियम घातलेले, हेपिस बफरचे सलाइन वापरावे.

प्रतिसाद १: 'बांधणे-सुटणे' पटले. 'मृत गाभा' हाही शब्द रुळायला हवा. ऑक्सिजन ऊतीत साधारण १५० ते २०० मायक्रोमीटरच पुरतो, त्यामुळे एक मिलिमीटरच्या मण्यात पेशी दाट भरल्या तर मधल्या गुदमरून मरतात. निव्वळ 'पेशी मेल्या' लिहिल्याने कारण कळत नाही.

प्रतिसाद ३: आणि 'आवेष्टन' टाकून देऊ नका, त्याची खरी जागा इथेच आहे. रोपणानंतर शरीर परक्या मण्याभोवती तंतुमय ऊतीचा थर चढवते. संपुट शाबूत असूनही आतल्या पेशी उपाशी मरतात त्या या थरामुळे. संपुटन आपण करतो, आवेष्टन शरीर करते, असा भेद ठेवला तर अहवाल वाचताना गोंधळ होत नाही.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेल्या एन्सेल्टोला मात्र 'मणी' म्हणता येणार नाही. ती दृष्टिपटलाच्या एका विकारासाठी डोळ्यात बसवायची बंद नळी आहे. आतल्या पेशी चेतापोषक प्रथिन स्रवत राहतात. तिला 'रोपणकुपी' म्हणावे.