काळी पडलेली जोडवी आणि हिवाळ्यातले ऊन पाणी: जपानच्या ओनसेन गावांचे अनुभव

परवा मार्गशीर्षातल्या गुरुवारच्या पूजेसाठी चांदीची भांडी बाहेर काढताना डब्याच्या तळाशी, वर्तमानपत्राच्या पुडीत गुंडाळलेली आईची जोडवी सापडली. ती तव्यासारखी काळी आहेत. घरच्या मदतनीस मावशींनी ती पाहून "ही कुठे जळाली?" असे विचारले आणि मला २०१७ च्या जानेवारीतले कुसात्सु, जपानमधले ओनसेनचे म्हणजे ऊन पाण्याच्या झऱ्यांचे गाव, आठवले.

आम्ही तेव्हा तोक्योत निशिकासाईला राहत होतो आणि आई-बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते. उएनोहून सुमारे अडीच तास आगगाडीने आणि पुढे अर्धा तास बसने आम्ही कुसात्सुला पोहोचलो, तेव्हा अंधार पडू लागला होता. गाव बाराशे मीटर उंचीवर आहे. रस्त्याच्या कडेला कमरेएवढा बर्फ साचलेला होता. बसचे दार उघडताच आईने विचारले, "इथे कुणी लवंगी माळ लावली का गं?" गंधकाच्या वासाची ओळख आपल्याला दिवाळीपासूनच असते, हे माझ्या त्याआधी कधी लक्षात आले नव्हते.

गावाच्या मधोमध 'युबाताके' आहे, म्हणजे शब्दशः ऊन पाण्याचे शेत. जमिनीतून उसळणारे पाणी लांबलचक लाकडी पन्हळींमधून खेळवत निववतात, आणि पन्हळींच्या तळाशी जो पिवळसर साका धरतो तो खरवडून, वाळवून विकतात. गावातल्या सगळ्या झऱ्यांचे मिळून मिनिटाला बत्तीस हजार लिटरहून अधिक पाणी आपोआप वर येते, असे बाबांनी माहितीफलकाचे भाषांतर माझ्याकडून तीनदा करून घेऊन वहीत लिहून ठेवले.

खरा प्रसंग पुढे होता. ओनसेनमध्ये अंगावर एकही कपडा घेऊन पाण्यात उतरता येत नाही, हे मी आईला आधी सांगितले होते. पण बायकांच्या स्नानगृहाबाहेरच्या खोलीत वेताच्या टोपल्यांपुढे उभे राहिल्यावर मला उमगले की, संकोच तिच्यापेक्षा मलाच अधिक होतो आहे. सदतीस वर्षांची मी, आणि जाणत्या वयात आईसमोर अशी कधी उभी राहिले नव्हते. आई मात्र साडीच्या निऱ्या सोडता सोडता म्हणाली, "आम्ही लहानपणी नदीवर आंघोळीला जायचो, तेव्हा कोण कुणाकडे बघत होतं?" आत गेल्यावर बसायला बुटके लाकडी स्टूल आणि अंगावर पाणी घ्यायला लहानशी बादली पाहून तिने "ही तर आपली मोरीच" असा निर्वाळा दिला, आणि काही कळायच्या आत मला "वळ" म्हणून सांगून, अभ्यंगाला चोळावी तशी माझी पाठ खसाखसा चोळली.

पाणी असह्य वाटावे इतके गरम होते. टाचेला भेग होती तिथे ते झोंबले. आईने वीसपर्यंत आकडे मोजले, वर येऊन काठावर बसली आणि पुन्हा उतरली. बाहेरच्या उघड्या कुंडात मान तेवढी पाण्याबाहेर ठेवून आम्ही बसलो असताना बर्फ पडू लागला. जोडवी काढायचे दोघींनाही सुचले नाही. सकाळी ती काळी ठिक्कर पडलेली होती.

आपल्यापैकी कुणी हिवाळ्यात अशा गावांना गेले असेल, विशेषतः वडीलधाऱ्या माणसांना घेऊन, तर खाली प्रतिसादात अवश्य लिहावे.

अर्धाकप

पाठ चोळण्याचा प्रसंग वाचून कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि आज वरण अधिकच मऊ झाले आहे. सविस्तर नंतर लिहिते.

रसायनवाला

जोडवी जळालेली नाहीत. त्या पाण्यातल्या हायड्रोजन सल्फाइडमुळे चांदीवर सिल्व्हर सल्फाइडचा थर चढला आहे. भांड्यात तळाशी ॲल्युमिनियमचा कागद पसरून त्यावर जोडवी ठेवावीत आणि खायचा सोडा घातलेले उकळते पाणी ओतावे. थर बराचसा उतरेल आणि चांदी घासून झिजणारही नाही.

कुसात्सुचे पाणी गंधकयुक्त आहे तसेच अतिशय आम्लधर्मीही आहे. त्याचा पीएच दोनच्या आसपास असतो, म्हणजे जवळजवळ लिंबाच्या रसाइतका. तुमची टाच झोंबली ती यामुळे. हे पाणी नदीत मिसळत असल्याने पूर्वी खालच्या अंगाला मासे जगत नसत आणि पुलांचे काँक्रीटही खाल्ले जाई. त्यावर उपाय म्हणून १९६४ पासून तिथे नदीत रात्रंदिवस चुनखडीची पूड कालवलेले पाणी सोडतात आणि तयार होणारा गाळ खालच्या शिनाकी धरणात अडवतात. मी कामानिमित्त तिकडे गेलो होतो तेव्हा स्नान करायचे सोडून पुलावर उभा राहून हे पाहत बसलो आणि बायकोची बोलणी खाल्ली. पांढरे पाणी प्रवाहात मिसळताना पाहणे हा माझ्या दृष्टीने त्या सहलीतला सर्वोत्तम भाग होता, आणि या मतावर मी आजही ठाम आहे.

सांजवेळ

तुमच्या आईंना संकोच वाटला नाही, ही भाग्याची गोष्ट आहे. आमच्याकडे अडचण वेगळीच निघाली. माझ्या सासूबाईंच्या दोन्ही हातांवर गोंदण आहे. एका हातावर तुळशीवृंदावन आणि दुसऱ्यावर त्यांच्या भावाचे नाव. आम्ही ज्या गावी उतरलो होतो, तिथल्या निवासाच्या स्नानगृहाबाहेर अंगावर गोंदण असलेल्यांना प्रवेश नाही अशी पाटी होती. जपानमध्ये गोंदणाचा संबंध गुन्हेगारी टोळ्यांशी जोडला जातो, हे मला ऐकून ठाऊक होते. पण बहात्तर वर्षांच्या, डोक्यावरचा पदर ढळू न देणाऱ्या बाईकडे पाहून कुणी तो नियम लावील असे वाटले नव्हते. तिथल्या मुलीने फार अवघडून, पुन्हा पुन्हा वाकून, गोंदण झाकायला कातडीच्या रंगाच्या चिकटपट्ट्या आणून दिल्या. त्या वृंदावनाला पुरल्या आणि भावाच्या नावाला कमी पडल्या. सासूबाईंना कारण समजावून सांगितले तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "देवाघरी जाताना सोबत येतं ते हेच, म्हणून लहानपणी गोंदून घेतलं, आणि इथे हेच झाकायचं?" त्या आत गेल्या नाहीत. आम्हीही गेलो नाही. खोलीत कोतात्सूत, म्हणजे खाली शेगडी आणि वर रजई असलेल्या बुटक्या टेबलात, पाय घालून संत्री सोलत बसलो.

पश्चिमवारा

सांजवेळ, वाचून वाईट वाटले. पुढच्या वेळी सासूबाईंना किनोसाकीला घेऊन जावे. ह्योगो प्रांतातल्या या गावात सात सार्वजनिक स्नानगृहे आहेत आणि त्यांत गोंदण असलेल्यांनाही मज्जाव नाही. गावात मुक्काम केला की सातही ठिकाणी जाता येईल असा पास निवासातूनच मिळतो. माणसे युकाता (सुती झगा) नेसून, वर जाडसर हाओरी (आखूड कोट) चढवून, लाकडी गेता (खडावा) टकटक वाजवत नदीकाठच्या झुकलेल्या झाडांखालून एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. सारे गाव एकच मोठे घर आहे आणि रस्ते म्हणजे त्या घरातले बोळ आहेत, असा तिथला समज आहे.

माझी फजितीही सांगतो. युकात्याचा उजवा पदर आधी अंगालगत आणि डावा त्यावर घ्यायचा असतो. उलट नेसवतात ते मृताला. मी उलट नेसून रुबाबात दोन स्नानगृहे फिरून आलो. तिसऱ्या ठिकाणी चपला ठेवताना एका आजोबांनी काही न बोलता माझा कमरपट्टा सोडला, पदर बदलले, पुन्हा बांधला आणि पाठीवर थाप मारली. त्यानंतर बर्फावर गेत्यांनी घसरून पडलो तो भाग सांगत नाही, कारण बायकोही हे वाचते.

पश्चिमवाऱ्याची बायको

पुलावर, छायाचित्रासाठी एक पाय कठड्यावर ठेवण्याच्या नादात पडला. बाकी मजकूर खरा आहे.

घाटवाट

शाकाहारी मंडळींनी काय खाल्ले, तेही कृपया लिहावे. किनोसाकीत हिवाळ्यात जिकडे तिकडे खेकडेच असतात. ६ नोव्हेंबरला त्यांचा हंगाम सुरू होतो आणि आम्ही नेमके त्याच आठवड्यात पोहोचलो होतो. आम्ही चौघे माळकरी. भाजीच्या रश्शातसुद्धा 'दाशी' म्हणजे सुक्या माशाचा अर्क असतो, हे दुसऱ्या दिवशी कळल्यावर आईने तिथल्या तिथे तुळशीची माळ डोळ्यांना लावून क्षमा मागितली आणि पुढचे दोन दिवस भात, लोणचे आणि आम्ही नेलेले मेतकूट यांवर काढले. मुक्काम ठरवतानाच 'दाशी चालत नाही' असे लिहून कळवावे. केवळ शाकाहारी म्हटल्याने भागत नाही.

अर्धाकप

नवे वरण लावून आले. मेतकुटाला माझेही अनुमोदन आहे.

माझा अनुभव थोडा गंभीर आहे, आणि वडीलधाऱ्यांना नेणार असाल तर तो उपयोगी पडेल म्हणून लिहिते. बाबांना आम्ही फेब्रुवारीत नेले होते. कपडे बदलायची खोली थंडगार आणि पाणी बेचाळीस अंशांचे. बाबा जेवण करून, वर थोडी गरम साके घेऊन उतरले आणि पंधरा मिनिटांनी झटकन उभे राहिले, ते तसेच खाली बसले. त्यांचा रक्तदाब एकदम उतरला होता. नशिबाने भाऊ शेजारीच होता आणि पाण्यात डोके जायच्या आत त्याने धरले. थंडीत आकसलेल्या रक्तवाहिन्या गरम पाण्यात एकाएकी सैलावतात, त्यामुळे जपानमध्ये दर हिवाळ्यात म्हाताऱ्या माणसांना न्हाणीत असे अपघात होतात, हे आम्हाला नंतर समजले. उतरण्याआधी पायांपासून सुरुवात करून अंगावर दहा-बारा वेळा पाणी घ्यावे. जेवणानंतर लगेच आणि मद्य घेऊन तर मुळीच उतरू नये, आणि उठताना आधी काठावर बसावे. तुमच्या आईंनी वीस आकडे मोजून वर येणे आणि पुन्हा उतरणे हे जे केले, ते कुणी न शिकवता अगदी बरोबर केले.

उंडगा

आमच्या कोकणात ऊन पाण्याच्या झऱ्याला 'उन्हाळे'च म्हणतात. राजापूरजवळ त्या नावाचे गाव आहे. लहानपणी तिथे जायचो, पण थंडी म्हणजे कानटोपीपुरती. डोक्यावर उणे आठ आणि मानेखाली बेचाळीस ही गंमत आपल्याकडे व्हायची नाही. कुसात्सुच्याच साइनोकावारातल्या मोठ्या उघड्या कुंडात माझे ओले केस उभेच्या उभे गोठले आणि मुलाने ते मोडून पाहिले.

सांजवेळ

मोडले का?

उंडगा

नाही, वाकले. मुलगा निराश झाला.

पश्चिमवारा

जोडव्यांवरून आठवले. यामागाता प्रांतातल्या गिन्झान ओनसेनच्या नावातल्या 'गिन्झान'चा अर्थ चांदीची खाण, कारण ते गाव चांदीच्या खाणीवरच वाढले. नदीच्या दोन्ही तीरांवर लाकडी तीन-चार मजली निवास, गॅसचे दिवे आणि छपरांवर बर्फाच्या गाद्या असे चित्र सगळ्यांनी पाहिलेले असते, आणि म्हणूनच तिथे आता इतकी गर्दी होते की २०२४ च्या डिसेंबरपासून हिवाळ्यात मुक्कामाला नसलेल्यांच्या संध्याकाळच्या प्रवेशावर मर्यादा आली आहे. आम्ही दिवसभरासाठी गेलो आणि दिवे लागायच्या आत परतलो, म्हणजे सत्यनारायणाला जाऊन प्रसाद न घेता आलो.

धागाकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. सांजवेळ, तुमच्या सासूबाईंचे वाक्य मी आईला दूरध्वनीवर वाचून दाखवले. तिच्याही मनगटावर लहानसा तुळशीचा ठिपका आहे, आणि तो त्या दिवशी कुणाच्या नजरेला कसा आला नाही याचे तिला आज आश्चर्य वाटले.

रसायनवाला, तुमची कृती करण्यासाठी सोडा काढून ठेवला होता. आईला विचारले तर म्हणाली, "अजिबात उजळवू नकोस. जानेवारीत भावजी चाललेत तिकडे, मीही जाते म्हणते. पुन्हा त्याच पाण्यात घालायची तर आत्ता कशाला उजळवायची?" भावजी म्हणजे माझे धाकटे काका. ते क्योतोला परिषदेसाठी चालले आहेत, कुसात्सुला नव्हे, आणि ही गोष्ट त्यांना अद्याप कुणी सांगितलेली नाही. आईचा एक गुडघा गेल्या वर्षी बदलला आहे. बसथांब्यापासून युबाताकेपर्यंत बर्फात चालणे तिला झेपेल का, हे अलीकडे गेलेल्या कुणी सांगितले तर बरे होईल.

उंडगा

अंतर पाच-सात मिनिटांचेच आहे, पण उतार आहे. काही रस्त्यांखालून झऱ्याच्याच उष्णतेने गरम केलेले पाणी फिरवतात, तिथे बर्फ टिकत नाही. गल्ल्यांमध्ये मात्र निसरडे असते. बुटांना लावायचे काटेरी पट्टे तिथल्या दुकानांत मिळतात, ते घ्यावेत. निवासाची गाडी बसथांब्यावर न्यायला येते का, हेही आधी विचारून ठेवावे. आमच्याकडे आली होती.

अर्धाकप

आणि काकांना सांगा.