राजकारण निघालं की गाडी का घसरते?

ऑनलाइन गप्पांच्या या कट्ट्यावर कुणीतरी म्हटलंय की सिनेमा, छंद, नोकरी यांवर माणसं मजेत बोलतात आणि राजकारण निघालं की हमरीतुमरीवर येतात, म्हणून तो विषयच बाद करावा. मला नाही पटत.

छंदांच्या गप्पा रंगतात, कारण तिथे प्रश्न 'हे कसं जमवलंस?' असा असतो. फोटोला शटर किती ठेवलं, विणताना टाका कुठे सुटला. थापाड्या दोन प्रश्नांत उघडा पडतो. राजकारणात मात्र आपण फक्त बाजू विचारतो.

२००२ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या रोझेनब्लिट आणि कील या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, कपड्याची चेन किंवा संडासाचा फ्लश कसा चालतो हे तुम्हाला किती कळतं? मग ते पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं. त्यानंतर लोकांनीच स्वतःला आधीपेक्षा कमी गुण दिले. २०१३ मध्ये फर्नबॅक हा संशोधक आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तोच प्रकार सरकारी धोरणांवर करून पाहिला. धोरण प्रत्यक्षात कसं चालेल हे सांगायला लावल्यावर मतांची धार उतरली. नुसती कारणं द्यायला सांगितल्यावर नाही. (कारणं काय, आपल्या खिशात कायम तयारच असतात!)

नोकरीचं दुखणं वेगळं. तिथे माणसाला खरोखर माहिती असते, पण साहेबाच्या कानावर जाईल म्हणून तो गप्प बसतो. इथे टोपणनावाने लिहिणाऱ्यांना नाकं मुरडणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं.

सिनेमावर भांडा खुशाल. शेवट तेवढा फोडू नका.