खांबांना पांढरा रंग? थोडं थांबा

वाड्याचे सागवानी खांब पांढरे रंगवून वर फॉल्स सीलिंग करायचा तुमचा विचार वाचला. खोल्या उजळ हव्यात हे पटतं, जुन्या नाशकातली घरं आतून अंधारीच. पण सीलिंग करू नका. आमच्याकडे केलं होतं. वर कौलं गळत होती, तुळईला वाळवी लागली होती, आणि आम्हाला कळलं कधी, तर पीओपीवर पिवळा डाग उमटला तेव्हा. आता कडीपाट (तुळयांवरचं लाकडी फळ्यांचं छत) उघडाच ठेवलाय, तुळईच्या कडेने वायर नेऊन उबदार उजेडाचे दिवे लावलेत.

आमच्या खांबांवरचे ऑइल पेंटचे थर सुताराने आठ दिवस खरवडले. खालून गडद तांबूस सागवान निघालं आणि एका खांबावर कोणीतरी खिळ्याने कोरलेली उंचीची खूण! त्यावर फक्त जवसाचं तेल फिरवलं.

उजेड हवा तर भिंती पांढऱ्या करा, पण चुन्याने. आमच्या कंत्राटदाराने हौसेने सिमेंटचा गिलावा मारला, दोन पावसाळ्यांत पोपडे. विटामातीच्या भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते, सिमेंटमागे कोंडते. त्यात गोदाकाठची घरं, २०१९ चा पूर आठवत असेलच.

स्वयंपाकघर मात्र बिनधास्त मॉड्युलर करा. फक्त कोनाडे बुजवू नका. आमच्या एका कोनाड्यात आता राउटर आहे, शेजारच्यात आजीचा भांडी बाजारातला तांब्याचा हंडा. सासूबाईंना राउटर खटकतो, मला हंडा घासायला लागतो ते.